त्याच्या वाट्याचे आकडे

लग्नाआधीपासून मी आणि माझा नवरा अमरावतीला एकाच सरांकडे संशोधन करत होतो. विषय सांगायला भारी, करायला कंटाळवाणा. काही अणू एकमेकांना धरून बसलेले, असा एक लहानसा पुंजका. त्यावर बाहेरून एक सुटा अणू आदळला, तर तो उडून परत जातो की तिथंच चिकटतो, हे कागदावर काढायचं. प्रयोग नव्हताच. साठ सालानंतरचे ते दिवस. मुंबईत संगणक आलाय एवढं ऐकून होतो; आमच्या विभागात हाताने दांडा फिरवायचं गणनयंत्र होतं. या क्षणी अणूंमधली अंतरं किती, त्यावरून बल किती, बलावरून वेग किती. मग पुढचा क्षण, पुन्हा तेच. एक आकडा चुकला की पुढचं सगळं वाया. म्हणून सरांचा नियम होता की तेच गणित दोघांनी वेगवेगळं करायचं आणि मग ताडून बघायचं.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत तो विषमज्वराने गेला. अकोल्याला, जुन्या शहरातल्या त्याच्या घरी.

माझे वडील वकील होते. ते मला अकोल्यातच जठारपेठेत माहेरी न्यायला आले. मी म्हटलं, अमरावतीला जाते. ते माझ्याकडे बघत राहिले. मला रडू येत नव्हतं, त्याची त्यांना भीती वाटत असावी. मला कशाचीच वाटत नव्हती. वसतिगृहात परतले आणि यंत्राचा दांडा फिरवू लागले. जेवणाची घंटा झाली की जेवत असे. काय वाढलं होतं ते आठवत नसे.

सर म्हणाले, "ताडून कोण बघणार? दुसरा विद्यार्थी मिळेपर्यंत थांबू."

अकोल्याला गेले तेव्हा हे मी सासऱ्यांना सांगितलं. ते शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले होते. त्यांनी फडताळातून लॉगॅरिदमचं जुनं पुस्तक काढलं आणि धोतराच्या सोग्याने पुसलं.

"त्याच्या वाट्याचं मले दे."

"मामाजी, भौतिकशास्त्र आहे ते."

"गुणाकार-भागाकारच आहे ना? कसं करायचं ते सांग. काहून करायचं, ते नको सांगू."

मग रविवारी मी बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला येऊ लागले. माजघरात समोरासमोर बसून आम्ही आकडे वाचत असू. त्याचं नाव कोणी काढत नसे. सासूबाई त्या वेळी आत येत नसत. "मेल्या पोराचं गणित करून राहिले दोघं," असं त्या शेजारणीला सांगताना मी ऐकलं होतं.

एका रविवारी आकडे जुळेनात. मागे मागे जात आम्ही त्याच्या हातच्या शेवटच्या पानांपाशी आलो. एके ठिकाणी वजाबाकीची खूण सुटली होती. तिथून खाली सगळं चूक.

मामाजींनी चष्मा काढला. "इथं चुकला तो."

"ताप होता त्याले," सासूबाई दारातून म्हणाल्या. केव्हा येऊन उभ्या राहिल्या होत्या, कळलंच नाही.

पेन्सिल मामाजींच्या हातात होती, पण त्यांच्याने काट मारवेना. मी पेन्सिल घेतली आणि मारली.

"इथून पुढचं मी नव्यानं करतो," ते म्हणाले. उन्हाळा त्यातच गेला.

उत्तर आलं. सावकाश आलेला अणू चिकटून राहिला, वेगात आलेला परत उडाला. प्रबंध मंजूर झाला, मला कॉलेजात नोकरीही लागली. सरांनी पेढा दिला, तो मी खाल्ला.

पेढे घेऊन अकोल्याला गेले. सासूबाईंनी पुडा देवापुढे ठेवला आणि माझ्याजवळ येऊन बसल्या.

"तो इतके दिवस काय करून राहिला होता, ते मले तरी सांग आता."

मी वाटाण्याचे दाणे जमिनीवर मांडले आणि एक दाणा दुरून आणत आणत सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं.

"मंग? राह्यला का तो तिथंच?"

"सावकाश आला तर राहतो."

त्या रडू लागल्या. मामाजी उठून अंगणात गेले. मी सासूबाईंच्या पाठीवर हात ठेवून बसले. हुंदक्यांनी पाठ हलत होती, ते हाताला कळत होतं. तेवढंच. त्या शांत झाल्यावर मी दाणे वेचून वाटीत भरले.

सकाळच्या गाडीने परतले. अकरा वाजता वर्ग होता, तो घेतला.