लेण्यांच्या टेकडीखालचं कुत्रं

तेल लावलेल्या चामड्याचा वास आला की पातूरच्या लेण्यांची टेकडी आठवते. एकदा कुत्रं कोणाला तरी चावल्यापासून वर कुत्री न्यायला बंदी होती. मालकाने आपलं कुत्रं धरून खालीच बसायचं. मॅट्रिकला असलेल्या माझ्या थोरल्या भावाला आमच्यासोबत वर चढायचं होतं. त्याने आमच्या कुत्र्याचा पट्टा काढून खिशात टाकला. "कोनाचं हाये हे?" चौकीदाराने विचारलं. "आमचं नाही बा, मांगं मांगं आलं." "मंग हाकलतो." दगड लागताच कुत्रं केकाटत भावाच्याच पायांत शिरलं. "तुमालेच वळखते की!" चौकीदार हसला. भावाने लाथ घातली, तसं ते पळसांत पळालं. उतरल्यावर भाऊ दिवस मावळेपर्यंत त्याला हाका मारत फिरला. "तुमचं नव्हतं ना?" चौकीदार म्हणाला. कुत्रं परत आलं नाही. पट्टा अजून खुंटीला आहे. भाऊ दर दिवाळीला त्याला तेल लावतो.