दोन पेट्यांचे विमान

खोका उघडला तेव्हा प्लॅस्टिकचा नव्हे, तंबाखूचा वास आला. कडसर, उन्हात तापल्यासारखा, घशाशी किंचित झोंबणारा. निपाणीच्या आमच्या घरामागेच वडिलांची, म्हणजे अण्णांची वखार होती, आणि तिचा तो गंध कपड्यांना, पुस्तकांना, सणासाठी काढलेल्या चादरींनाही धरलेला असे. वखार बंद होऊन कितीतरी वर्षे लोटली होती. आई गेल्यावर ते घर भाड्याने देऊन अण्णांना बेळगावला, वडगावातल्या माझ्या घरी आणायचे ठरले, आणि आवराआवर करताना माळ्यावरच्या पितळी भांड्यांच्या ओझ्याखाली दबलेला हा पुठ्ठ्याचा खोका हाती लागला. झाकणावर मावळत्या आभाळात झेपावणारे रुपेरी मिग विमान होते. रंग विटले होते, झेप तेवढी तशीच होती.

मुंबईच्या मामांनी तो संच माझ्या धाकट्या भावासाठी, सन्मतीसाठी आणला होता. प्लॅस्टिकच्या चौकटींना लटकलेले सुटे भाग कापायचे, चिकटवायचे आणि वीतभर लांबीचे लढाऊ विमान उभे करायचे, असा तो खेळ. आभाळात आवाज झाला की भरल्या ताटावरून उठून अंगणात धावणारा सन्मती त्या दिवशी जेवलाच नाही. संध्याकाळी अण्णा मंदिरातून आले, चष्मा लावून एकेक भाग कौतुकाने न्याहाळू लागले आणि एका चौकटीपाशी थांबले. पंखांखाली लावायची क्षेपणास्त्रे होती ती, काडेपेटीतल्या काडीहून जराशी जाड. आमचे घर जैनांचे, पाणी गाळून पिणारे, दिवस मावळल्यावर न जेवणारे. अण्णांनी शांतपणे कात्री मागितली, ती चौकट वेगळी केली आणि सदऱ्याच्या खिशात घालून नेली. तिचे पुढे काय झाले ते कुणालाच कळले नाही. विमान खुशाल कर, ते म्हणाले, पण जीव घ्यायची वस्तू या घरात खेळायलासुद्धा नको. मग ते मिग कसले, असे सन्मतीने एकदाच विचारले. तो रडला नाही. त्याने खोका बंद केला आणि पुन्हा कधी उघडला नाही.

तोच वाद पुढे त्याच्याबरोबर वाढत गेला. सन्मती हवाई दलाच्या मुलाखतीपर्यंत पोहोचला, तेव्हा निघायच्या दिवशी अण्णा उंबऱ्यात उभे राहिले. गेलास तर या घराला मुलगा नाही असे समजेन, एवढेच ते बोलले, तेही आवाज न चढवता. सन्मतीने पायांतले बूट काढून ठेवले. मग तो इंजिनिअर झाला, जर्मनीला गेला, तिथेच त्याने संसार मांडला. अण्णांनी जिथे जाण्यापासून अडवले होते, त्याहून कितीतरी दूर तो निघून गेला. फोनवर दोघांत ‘बरं हाय न्हवं?’ आणि ‘व्हय’ एवढेच होई. उरलेले सारे माझ्यामार्फत जाई-येई, आणि वाटेत त्याची धार मी बोथट करी.

आषाढातली ती एक करडी दुपार होती. बेळगावचा पाऊस एकदा लागला की दिवसांच्या कडा पुसून टाकतो. शेजारच्या घरातल्या साड्या विणणाऱ्या मागांचा खडखडाट आणि पन्हाळीचे पाणी यांचा मिळून एकच आवाज होतो. अण्णा खोका मांडीवर घेऊन बसले होते.

“आक्का,” ते मला म्हणाले, “हे करायचं म्हणतोय मी. दिवाळीला येणार हाय न्हवं तो.”

पण भांड्यांच्या वजनाने विमानाचे नाक चेपून तडकले होते आणि ती एक चौकट तर नव्हतीच. त्या कंपनीचा संच आता कुठे मिळेना, म्हणून मी दुसऱ्या एका कंपनीचा, त्याच मापाचा संच मागवला. शेपूट, पोट आणि ते त्रिकोणी पंख जुन्या पेटीतले. नाक, वैमानिकाची बैठक आणि क्षेपणास्त्रे नव्या पेटीतली, असे दोहोंचे मिळून एक विमान करायचे ठरले.

ते वाटले तितके सोपे नव्हते. दोन्ही संचांत विमान एकच, पण घडवणारे हात वेगळे; नवे नाक जुन्या कमरेपेक्षा केसभर बारीक निघाले. अण्णा त्या सांध्यात पुट्टी भरत, वाळू देत, ओल्या पॉलिश पेपरने घासत आणि मग डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवत, जसे कधीकाळी तंबाखूच्या पानावरून फिरवीत. “अजून लागतंय,” म्हणत, आणि पुन्हा घासत. ऐंशीच्या उंबरठ्यावरचा तो माणूस खिडकीच्या ओलसर उजेडात दिवसचे दिवस एका सांध्यावर वाकून बसलेला मी पाहत होते. कॉलेजात शिकवून परतले की जिन्यातच थिनरचा वास येई आणि मला बरे वाटे. आई गेल्यापासून आमच्यात कुणी कशाची वाट पाहत असल्याची ती पहिली खूण होती. श्रावण सरता सरता रुपेरी रंग चढला आणि जुने कुठे संपते, नवे कुठे सुरू होते, हे मलाही ओळखू येईना.

क्षेपणास्त्रे तेवढी एका छोट्या पिशवीत पडून राहिली. ती अण्णा लावणार नाहीत, असे मी गृहीतच धरले होते. भाद्रपदात पर्युषण आले. त्या दिवसांत अण्णा एकवेळ जेवत, आणि टेबलावरच्या विमानावर त्यांनी धुतलेले धोतर पसरून टाकले होते. क्षमावणीला माणसे आली, वर्षभरात काही चुकले असेल तर क्षमा करा म्हणून एकमेकांना हात जोडून गेली. अण्णांनी दूधवाल्यापुढेही हात जोडले. जर्मनीला मात्र त्यांनी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी धोतर बाजूला केले आणि ती पिशवी उघडली.

न राहवून मी विचारले, “अण्णा, तुमी ही लावणार?”

“त्याला पायजे होतं तसंच करायचं,” ते म्हणाले. “माझ्या मनासारखं एकदा झालंय.”

एकेक करून त्यांनी क्षेपणास्त्रे पंखांखाली चिकटवली, मग साबणाने हात धुतले आणि जपमाळ घेऊन ते बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसले.

दिवाळीला सन्मती एकटाच आला. कानशिलांवर पांढरे झाले होते, चालण्यात अण्णांची लकब उतरली होती. अण्णांनी विमान त्याच्या हातात दिले. त्याने ते उजेडात धरले, पंखांवरून बोट फिरवले, उलटे केले आणि तो थबकला.

“अण्णा, ही कशाला लावलीसा?”

“तुला पायजे होती न्हवं.”

त्याने विमान अलगद खाली ठेवले. मग तो हळूहळू सांगू लागला. त्याच्या इमारतीत युद्धातून पळून आलेले एक कुटुंब राहते. त्यांची मुलगी याच्या मुलीच्या वर्गात आहे. वरून विमान गेले की ती बाकाखाली शिरते. आणि तिला एकटे वाटू नये म्हणून हल्ली याची मुलगीही तिच्याबरोबर बाकाखाली जाऊन बसते. तेव्हापासून असली विमाने आपल्याला बघवत नाहीत, तो म्हणाला.

“तुमचंच बरोबर होतं, अण्णा.”

मला वाटले, अण्णांना समाधान वाटेल. इतक्या वर्षांनी, त्याच्याच तोंडून. पण त्यांच्या चेहऱ्यावरचा उजेड सावकाश ओसरत गेला.

“या खेपेला तुझं बरोबर असावं, असं वाटत होतं मला,” ते म्हणाले.

बाहेर कुणाच्या तरी अंगणात मुले हसत होती, पणत्यांचा तेलकट वास खिडकीतून आत येत होता. अण्णांनी पंखाखाली बोट लावून विचारले, “काढू काय रं?”

“न्हाय. ऱ्हाऊ द्या,” सन्मती म्हणाला. “तुमी लावलीसा.”

मग त्याने सांध्याबद्दल विचारले आणि अण्णा पुट्टीबद्दल, घासण्याबद्दल सविस्तर सांगत राहिले. दोन पिकली डोकी एकाच दिव्याखाली वाकली होती. मी दारात उभी राहून पाहत होते. पाहुण्याशी बोलावे तसा दोघांचाही स्वर मऊ आणि जपून लावलेला होता.

तो परत गेला. बॅगेत मोडेल म्हणून विमान इथेच राहिले. आता तो दर रविवारी फोन करतो आणि थेट अण्णांशीच बोलतो. थंडीचे, मुलीच्या शाळेचे, गुडघेदुखीचे बोलणे होते. हा म्हणेल त्याला ते व्हय म्हणतात, ते म्हणतील त्याला हा. मला आता मध्ये काही बोथट करावे लागत नाही, आणि कधीकधी त्या जुन्या धारेचीच मला आठवण होते. भांडत होते तेव्हा दोघेही एकमेकांना किती नीट ओळखत होते!

परवाच्या रविवारी अण्णांनी फोन ठेवला आणि विमानावरची धूळ पुसली. मग म्हणाले, “आक्का, त्याला आता काय आवडतंय गं?”

मी सांगायला तोंड उघडले, आणि माझ्या ध्यानात आले की मलाही ते ठाऊक नव्हते.