एकसष्ट बाळंतपणं

धाकटे, तुझी हकिगत तुझ्या तोंडून ऐकायची म्हणजे दोन वाक्यांत कारभार आटोपायचा. तेव्हा मीच सांगते. मध्ये बोलू नकोस.

घरात ही माझी धाकटी जाऊ, बाहेर सगळ्यांची सिस्टर. चाळीस वर्षं प्रसूतिगृहात काढली, पण निवृत्तीनंतर स्वस्थ बसेल तर शपथ! एके सकाळी पुतण्या पेपर नाचवत आला. वर्षाला शंभरांहून कमी बाळंतपणं होणारी प्रसूतिगृहं बंद करणार, आणि आपल्या भागातल्यात गेल्या वर्षी फक्त एकसष्ट. पंधरा दिवसांनी सुनावणी. ते बंद झालं की कळा सोसत दीड तास बसने मोठं इस्पितळ गाठायचं. आणि पुतण्याच्या बायकोला तर सातवा लागलेला.

“तिन्ही पेपरांत आलंय, काकू. आता काय ब्रह्मदेवाची सही हवी?”

तिने तिन्ही पेपर शेजारी शेजारी मांडले. वाक्य तेच, स्वल्पविरामसुद्धा तोच. “हे तीन साक्षीदार नव्हेत रे, एकाच पत्रकाची तीन पोरं आहेत. मला त्यांची आई दाखव.”

आई म्हणजे आरोग्य कार्यालयाचा वार्षिक अहवाल. तो वाचनालयात सापडला. आकडा खरा होता.

“झालं समाधान?”

“त्याच्या आदल्या वर्षी एकशे अठ्ठेचाळीस. मग गेल्या वर्षी काय बायका रुसल्या?”

पेशंटचा ताप सरासरीने वाचत नाहीत, तासातासाने वाचतात, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. तिने महिनावार तक्ता मागितला. कारकुनाने चार दिवस टोलवलं. पाचव्या दिवशी ती डबा घेऊनच बाकावर बसली, तेव्हा मिळाला.

पाच महिन्यांत एकसष्ट. उरलेले सात महिने शून्य! तिने कपाळावर हात मारला. छत गळत होतं म्हणून सात महिने प्रसूतिगृहाला कुलूप होतं. ते सगळ्या गल्लीने पाहिलेलं, पण आकडा वाचताना एकालाही आठवलं नाही, खुद्द सिस्टरलाही नाही. तरी नुसत्या आठवणीवर ती विसंबली नाही. दुरुस्तीचा आदेश आणि काम संपल्याचा दाखला शोधून तारखा जुळवल्या.

सुनावणीत अधिकाऱ्यांनी विचारलं, “आमचा आकडा चुकीचा म्हणता?”

“आकडा बरोबर आहे, साहेब. पण कुलूप लावून तुम्ही बाळं मोजलीत!”

सभागृह खो खो हसलं. साहेबांनी तक्ता दोनदा वाचला आणि तिथल्या तिथे यादीतून नाव खोडलं. दोन महिन्यांनी त्याच प्रसूतिगृहात पुतण्याला मुलगी झाली. सव्वातीन किलो, आणि आवाज थेट सिस्टर आजीचा.

एका पेपरानेही खुलासा छापला, नवव्या पानावर, करंगळीएवढा. घरातल्या अंकात पुतण्याने बाळाचे लंगोट गुंडाळले, म्हणून प्रसूतिगृहात लावायला दुसरा अंक आणायचं काम तू माझ्यावर टाकलंस. पेपरच्या कचेरीत जुने अंक फक्त गुरुवारी देतात. एका गुरुवारी माझा गुडघा, दुसऱ्या गुरुवारी निव्वळ कंटाळा. तो अंक मी अजून आणलेला नाही.