गेटवरचे कितीसाहेब

चाकणच्या त्या कारखान्यात एखादा तापाने फणफणला आणि सुट्टी मागायला साहेबांच्या केबिनमध्ये गेला, तर साहेब मान वर न करता विचारत, "किती?" मुलगी झाली म्हणून कुणी पेढे पुढे केले, की "वजन किती?" कामगारांच्या घरच्या लग्नाला ते आवर्जून जात, आणि निघताना वधूपित्याचा हात हातात घेऊन सांगत, "जेवण दहापैकी आठ. मठ्ठा जरा पातळ होता." ते कारखान्याचे प्रमुख मॅनेजर. खरं नाव होतं चांगलं चार अक्षरांचं, पण ते वॉचमनलाही आठवून सांगावं लागायचं. सगळ्यांसाठी ते कितीसाहेब.

मी त्यांच्या विरुद्ध बाजूची. कंत्राटी कामगारांच्या संघटनेची पत्रकं लिहायची, चिखलीत झेरॉक्स काढायच्या आणि शिफ्टच्या वेळेला गेटसमोर वाटायच्या, हे माझं काम. बाकीचे मॅनेजर मला बघून गाडीच्या काचा वर करत. कितीसाहेबांनी काच खाली केली, पत्रक मागून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी परत आणून दिलं. लाल पेनाने तपासून! 'शेकडो कामगार' याखाली रेघ, समासात 'किती?' 'वारंवार अपमान' याखाली रेघ, 'आठवड्यातून किती वेळा?' 'अमानुष' या शब्दाभोवती गोल, 'हे मोजता येत नाही. काढावे.' कोपऱ्यात मार्क, दहापैकी चार. "पत्रकताई, शुद्धलेखन मात्र उत्तम आहे हं," असं म्हणून साहेब गाडीत बसले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. रात्रभर मी त्यांना मनात उत्तरं दिली. सकाळी लक्षात आलं, 'शेकडो' म्हणजे किती हे मला खरंच माहीत नव्हतं.

त्यांच्या केबिनबाहेर एक भलामोठा फळा होता. त्यावर हिरवे, पिवळे आणि लाल ठोकळे. रोज सकाळी सगळे विभागप्रमुख त्याच्यासमोर हात मागे बांधून उभे राहत, आणि साहेब आपलं आवडतं वाक्य म्हणत, "फळ्यावर नाही, ते घडलं नाही." काय हा आत्मविश्वास! आकडा तयार होतो खाली, मशीनपाशी, आणि वाचला जातो वर, एसीत. मधल्या जिन्यावर त्याचं काय काय होतं, हे विचारायची पद्धत नव्हती.

कँटीनचंच घ्या. साहेबांनी दाराशी दोन बटणांचं यंत्र बसवलं. जेवण आवडलं तर हिरवं दाबा, नाही आवडलं तर लाल. लाल दाबणाऱ्याने मात्र शेजारच्या फॉर्मवर कारण लिहायचं, तेही इंग्रजीत, आणि सुपरवायझरची सही घ्यायची. अर्ध्या तासाच्या सुट्टीत कोण मरायला हे करणार? पोरं डाळीला शिव्या घालत यायची आणि हिरवं बटण दाबून हात धुवायला जायची. महिनाअखेर फळ्यावर कँटीन हिरवंगार. कंत्राटदाराला साहेबांच्या हस्ते प्रशस्तिपत्रक मिळालं, आणि टाळ्या वाजवायला तेच लोक, पोटात तीच डाळ.

हे सगळं लिहूनही मी त्यांना चांगला माणूस म्हणणार आहे. आमच्या संघटनेत काहींना ते आवडणार नाही. न आवडो.

झालं असं, की एका महिन्यात फळ्यावर घासाई विभाग लाल झाला. तिथे बायका दिवसभर कानशीने धातूच्या सुट्या भागांच्या कडा घासून गुळगुळीत करतात. गेटवरच्या बोट ठेवायच्या हजेरी यंत्रानुसार सगळ्या कारखान्यात सर्वांत उशिरा येणाऱ्या त्याच. सहा जणींची यादी निघाली. शनिवारी यादी कंत्राटदाराकडे जाणार, आणि सोमवारपासून त्यांना काम बंद. यादीत पहिलं नाव सलमाआपाचं. घरात कमावणारी ती एकटी. चिखलीहून पहिल्या बसने निघायची आणि सातच्या शिफ्टला पावणेसातला गेटवर हजर असायची, हे मी डोळ्यांनी बघत होते.

"मग उशीर कसा लागतो गं?" मी विचारलं.

"ते यंत्र मला घेतच नाही," आपा म्हणाली. "खोबरेल लावून बघितलं, केसांवर घासून बघितलं, फुंकर मारून बघितली. वॉचमन वरडतो, आपा, बाजूला व्हा, लाईन अडली. मग मी शेवटाला. माझंच बोट वाईट हाय, दुसरं काय?"

मी तडक केबिनमध्ये घुसले. अन्याय, शोषण, जे जे मोजता येत नाही ते सगळं बोलून घेतलं. साहेब शांत. "पत्रकताई, तुमच्या भावना खऱ्या असतील. पण यंत्राला कुणाशी वैर नाही. ते खोटं बोलत नाही."

"नाहीच बोलत," मी म्हटलं. "यंत्राने बाईला कधी ओळखलं, तेवढंच ते सांगतं. बाई कधी आली, हे त्याला कुणी विचारलंय का?"

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी 'किती' विचारलं नाही. पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. मग म्हणाले, "मंगळवार आहे आज. उद्यापासून मी मोजतो. तुम्हीही मोजा. तुमच्या मोजणीवर माझा विश्वास नाही, माझ्या मोजणीवर तुमचा नाही. बरोबरी झाली."

बुधवारी सकाळी साडेसहाला कितीसाहेब गेटच्या आत प्लास्टिकच्या स्टुलावर, मांडीवर वही. पानावर दोन रकाने: 'आत पाऊल' आणि 'यंत्राने घेतले'. मी गेटबाहेर, माझी वही घेऊन. साहेब स्वतः बसलेत म्हटल्यावर वॉचमनने टोपी सरळ केली, आणि कंत्राटदाराच्या सुपरवायझरने घासाईच्या बायकांना ओळीत सगळ्यांत पुढे काढलं. कुणीतरी ओल्या फडक्याने यंत्राची काचसुद्धा पुसली. पंधरा मिनिटं बोटं घासत का होईना, सगळ्याजणी सातच्या आत.

साहेब वही फडकवत बाहेर आले. "उशीर शून्य!"

"तुम्ही बसलात म्हणून शून्य!" मी रस्त्यावरच ओरडले. "राजा गावात आला की रस्ते झाडतात, तसं झालंय हे. तुम्ही आयुष्यभर असेच आकडे खाल्लेत, साहेब. कुणीतरी पुसून दिलेले."

जास्त बोलले, हे मला तेव्हाच कळलं. साहेब वही मिटून आत गेले.

गुरुवारी स्टूल रिकामं होतं. मी मनात म्हटलं, संपलं. तेवढ्यात समोरच्या टपरीवर डोक्यात माकडटोपी घातलेला, कडक इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ दिसला. वेषांतर इतकं पक्कं होतं, की टपरीवाल्याने लांबूनच विचारलं, "कितीसाहेब, कटिंग किती?" टपरीवरून यंत्र दिसेना. मग साहेब रस्ता ओलांडून माझ्याशेजारी आले आणि आमच्या संघटनेच्या कापडी फलकाआड उभे राहिले. फलकावर 'मॅनेजमेंटची मनमानी बंद करा' असं लिहिलेलं. वाऱ्याने तो सारखा उडत होता, म्हणून त्यांनी त्याचं एक टोक घट्ट धरलं.

"फोटो काढू नका," ते म्हणाले.

"मी तुमच्यासारखी नाही, प्रत्येक गोष्टीचा पुरावा ठेवणारी," मी म्हटलं.

आपा पावणेसातला आत शिरली. साहेबांनी वेळ लिहिली. तिने बोट ठेवलं, यंत्राने नाकारलं. परत ठेवलं, परत नाकारलं. साहेब ओठांतल्या ओठांत मोजत होते. अकराव्या वेळेला वॉचमनने तिला बाजूला काढलं. ती ओळीच्या शेवटी जाऊन उभी राहिली, पदराने बोट पुसत. भोंगा झाला. त्यानंतर चार मिनिटांनी यंत्राने तिला घेतलं. साहेबांनी फलक माझ्या हातात दिला, माकडटोपी खिशात कोंबली आणि गेटमधून आत गेले. मीही मागोमाग घुसले. मला अडवायचं वॉचमनला सुचलंच नाही.

"हात दाखवा," साहेब आपाला म्हणाले. तिने घाबरत दोन्ही तळवे पुढे केले. दहाही बोटांची टोकं गुळगुळीत, काचेसारखी. एक रेघ नव्हती. ज्या कानशीने ती साहेबांचा माल घासत होती, तिनेच तिची बोटंही घासली होती. साहेबांनी आपलं बोट यंत्रावर ठेवलं. पहिल्या फटक्यात हिरवा दिवा.

"साहेब, तुमचं बोट अजून नवं हाय," आपा म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं.

शुक्रवारी सकाळी फळ्यासमोर साहेबांनी सगळ्या विभागप्रमुखांना सांगितलं, की घासाईचा लाल ठोकळा बायकांचा नाही, माझा आहे. यादी रद्द झाली. घासाईसाठी गेटवर सहीचं रजिस्टर आलं. लगेच मी विजयाचं पत्रक लिहायला घेतलं. दुपारी साहेबांचा फोन आला. "याच कारणाने मागच्या वर्षी मी चौघींना काढलंय. तेव्हा फळा बघून सही केली. पत्ते जुने आहेत. चिखली तुम्हाला माहीत आहे. येता?"

रविवारी आम्ही दोघं चिखलीच्या गल्ल्यांतून फिरलो. तिघी सापडल्या. एकीने साहेबांना दारातच झापलं, आणि मग चहा दिला. दोघी कामावर परत आल्या, तिसरी म्हणाली, आता नको. चौथी विमल. तिच्या खोलीला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "काम सुटलं, भाडं थकलं, गेली ती. गावाला की कुठं, माहीत न्हाई." साहेबांनी कागदावरचा पत्ता त्या दाराशी परत ताडून बघितला. मला एक चांगलं कडक वाक्य सुचलं होतं. मी बोलले नाही.

पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. कंपनीचा दुसरा कारखाना फार लांब, दुसऱ्या राज्यात. निरोपाला मला कोण बोलावणार? तेच गेटवर आले, गाडीतून उतरले, आणि एक घडी घातलेला कागद माझ्या हातात दिला. त्यावर विमलचं पूर्ण नाव, जुना पत्ता, आणि त्यांच्या लाल अक्षरात 'शोध चालू.' "हे माझ्याच्याने पुरं झालं नाही," ते म्हणाले.

परवा मोशीच्या एका कारखान्याच्या गेटवर पत्रकं वाटताना एक बाई यंत्राशी झटत होती. अंगठा पुसत होती, फुंकर मारत होती. मी धावत जाऊन नाव विचारलं. ती विमल नव्हती. मागचे लोक खोळंबले होते, वॉचमन मला हाकलत होता. मी वही काढली, रकाने आखले आणि लिहिलं: आत पाऊल, सहा वाजून बेचाळीस.