निम्म्या मेहनतीचं गाणं

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे चहा अंगावर सांडणार नाही. कारण भर सभागृहात, नव्या व्याह्यांसमोर मी जी माती खाल्ली, ती ऐकताना कप हातात धरवणार नाही तुम्हाला.

सुरुवात माझ्याच तोंडाने केली. लेकीच्या लग्नात, पंगतीला बसल्या बसल्या, सिन्नरच्या व्याह्यांना मी सहज बोलून गेलो, "मी कराओके ग्रुपमध्ये गातो." खरं म्हणजे ग्रुपमध्ये मी टाळ्या वाजवत होतो. पण व्याह्यांनी ते मनावर घेतलं. ग्रुपचा वार्षिक कार्यक्रम गंगापूर रोडला ठरला, तसा त्यांचा फोन!

"काय पाव्हणं, गळा लय भारी हे म्हणे तुमचा! आम्ही सगळे येतोय. पुढच्या रांगेतच बसू."

झालं! आता गाणं निवडणं आलं.

मी तसा शिस्तीचा माणूस. वरच्या पट्टीचं गाणं बाद, आवाज फाटतो. संथ गाणं बाद, श्वास पुरत नाही. जलद गाणं तर नकोच; पडद्यावरची अक्षरं रंगत पुढे पळतात आणि मी आपला चष्मा सावरत मागे. विरहाचं घ्यावं, तर व्याही काय म्हणतील? शेवटी डोक्यात प्रकाश पडला. ड्युएट! निम्म्या ओळी तिच्या, निम्म्या माझ्या. ती गाते तेव्हा मी पाणी पितो. याहून योग्य गाणं असतं का, तुम्हीच सांगा?

बरं, गायला बाई कुठून आणायची? तीही सोय झाली. मोबाइलवर एक ट्रॅक सापडला. त्यात बाईचा आवाज तसाच ठेवलेला, फक्त पुरुषाचा काढलेला. काय गात होती हो ती! मी कितीही चुकलो तरी ती आपली जागेवर. महिनाभर तिच्यासोबत सराव केला. बाहेरच्या खोलीत मी, स्वयंपाकघरात आमची मंदा. तिचं माहेर चांदवडकडचं, त्यामुळे बोलणं एकदम सरळ.

"अहो, ती बाई लय गोड म्हणते. तुम्ही का एसटी सुटल्यासारखे तिच्या मागं पळताय?"

मी दुर्लक्ष केलं. कलाकाराला घरात एवढं सोसावंच लागतं.

आमच्याकडे व्हॉट्सअॅप ग्रुपवर गाणं आधी बुक करायचं असतं. ट्रॅक लावतात बागूल सर. मी गाण्याचं नाव टाकलं, पुढे लिहिलं, ड्युएट. सरांनी विचारलं, "पार्टनरची तयारी झाली का?" मी रुबाबात उत्तर दिलं, "तिची काळजीच नको!"

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. पहिल्या रांगेत व्याही, विहीणबाई, जावई, लेक आणि कडेला मंदा. सरांनी एक माइक माझ्या हातात दिला, दुसरा स्टँडवर लावला. मला वाटलं, एक बंद पडला तर असावा. बघा माझी अक्कल!

म्युझिक सुरू झालं. माझ्या ओळी ठीकठाक पार पडल्या. व्याह्यांनी "वा!" केलं. मी ऐटीत पाण्याची बाटली तोंडाला लावली... आणि सभागृहात नुसता तबला!

बाई गायब!

सरांनी नेहमीचा ट्रॅक लावला होता, दोघांचेही आवाज काढलेला. ते विंगेकडे बघतायत, पार्टनर कधी येते म्हणून. मी स्पीकरकडे बघतोय, ती कधी गाते म्हणून. पडद्यावर तिच्या ओळी गुलाबी होऊन एकेक निघून चालल्या. घाबरून मीच बारीक आवाज काढून बाईची ओळ म्हटली. जावयाने तोंडात रुमाल कोंबला.

व्याही अर्धे उठले. "पाव्हणं, बरं वाटतंय ना?"

तेवढ्यात शेजारून सूर आला. मंदा! पदर खोचून स्टेजवर, दुसरा माइक हातात. पडद्याकडे बघतसुद्धा नव्हती. काय तो आवाज! माहेरी खळ्यावर बायकांच्या घोळक्यात कांदे निवडताना मोकळा झालेला, स्वच्छ, भरलेला. महिनाभर फोडणी घालता घालता तिने त्या बाईची जागा न् जागा उचलली होती. वर स्वतःची एक अशी हरकत घेतली, की ती बाईसुद्धा ऐकत बसली असती. इतकी वर्षं या बाईच्या हातचं खाल्लं, पण गळा? कधी विचारलंच नव्हतं. मी हात जोडायचाच बाकी होतो.

"ओ, तुमची ओळ!" तिने माइकवरच खडसावलं.

सभागृहात हशा पिकला. मी पुढे काय गायलो, ते मला विचारू नका.

वन्स मोअर मिळाला, पण फक्त बाईच्या ओळींना. विहीणबाईंनी मंदाला मिठी मारली. व्याही माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "घरात एवढा गळा, आन् तुम्ही सांगितलं नाय राव!"

मला तरी कुठे माहीत होतं?

आता पुढच्या कार्यक्रमात मंदाचं गाणं बुक झालंय. तिने निवडलं तेही ड्युएटच. मी लगेच उत्साहाने पुरुषाच्या ओळी पाठ करायला बसलो. ती कणीक मळत होती. वरही न बघता म्हणाली,

"तुम्ही कशाला त्रास घेताय? मला ट्रॅक मिळालाय. त्यात बाप्याचा आवाज आधीच भरलेला हे!"