तांडेलांचा कोट

तांडेलांची रीत ठरलेली: पाहुण्याचं मनगट धरायचं, त्याचा पंजा सरळ पितळी डबीवर ठेवायचा आणि म्हणायचं, "हात लाव रे. नुसता बघान काय समाजतला?" आमच्या संग्रहालयात भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी होती, की वस्तूंना हात लावू नये. ती मीच रंगवली होती. तांडेलांना वाचता येत नव्हतं. कुणी वाचून दाखवली असती तरी त्यांनी ती मनावर घेतली नसती.

मालवणात वाचनालयाच्या माडीवर दोन खोल्यांचं ते संग्रहालय. मी तिथे कारकून, पगारी माणूस एकटा. बाकी तिघे स्वयंसेवक: एक निवृत्त शिक्षक, एक कंपाउंडर आणि हे तांडेल. त्या काळी तुम्ही बंदरावर गेला असाल तर असे म्हातारे पाहिले असतील. गुडघ्यापर्यंत पंचा, उघडं अंग, खांद्यावर टॉवेल, पायाची बोटं एकमेकांपासून फाकलेली. गलबतावरच्या मुख्य माणसाला आमच्याकडे तांडेल म्हणतात. यांनी तीस वर्षं शिडाचं गलबत मुंबई ते कालिकत नेलं-आणलं. पुढे मालकाने गलबत मोडीत काढलं आणि त्यावरचा पितळी डबीतला होका, म्हणजे दिशा दाखवणारं यंत्र, संग्रहालयाला देऊन टाकला. तो बघायला तांडेल तारकर्लीहून चालत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे फडकं मागितलं आणि डबी पुसायला बसले. नऊ वर्षं ते येत राहिले.

शाळेची मुलं आली की ते एकाला पुढे ओढत, डोळे मिटायला सांगत, तीनदा गरकन फिरवत आणि विचारत, "आता सांग, गोंया खंय?" मुलगा भलतीकडे बोट दाखवी. मग होक्याचा काटा दाखवून ते त्याची दिशा दुरुस्त करत. एकदा गावातल्या एका नामांकित वकिलांनाही त्यांनी असंच फिरवलं. वकीलसाहेबांनी कोर्टाकडे बोट करून "गोवा" म्हटल्यावर तांडेल शांतपणे म्हणाले, "तुमची बोट बुडाली." वकीलसाहेब पुढच्या रविवारी आपल्या मेव्हण्यांना फिरवून घ्यायला घेऊन आले.

गोवा मुक्त झाला आणि सीमेवरच्या बांद्यावरून इकडे माणसं येऊ लागली. त्याच सुमाराला आमच्या कमिटीवर नवे अध्यक्ष आले. मुंबईत मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, शिस्तीचे, बोलायला अतिशय सौम्य. त्यांनी ठराव मांडला, की पाच वर्षांहून अधिक सेवा झालेल्या स्वयंसेवकांनी पांढरी विजार, बंद गळ्याचा काळा कोट आणि बूट घालूनच यावं. जुन्यांनी घालून दिलेला पायंडा नवे पाळतील, असं त्यांचं म्हणणं. कपडे कमिटीच शिवून देणार होती. ठराव मंजूर झाला. सुवाच्य अक्षरात मी तो लिहिला आणि तांडेलांना वाचून दाखवला.

त्यांना फार आनंद झाला, हे सांगताना आजही मला जड जातं. त्यांना वाटलं, नऊ वर्षांचा मान म्हणून कोट मिळतोय. शिंप्याकडे माप द्यायला मी बरोबर गेलो होतो. तांडेल हात पसरून उभे राहिले आणि शिंप्याला म्हणाले, "बरो शिव रे. सरकारी आसा." वाटेत जो भेटेल त्याला थांबवून ते कोटाची बातमी देत होते.

बुटांची पंचाईत झाली. त्या पायांना बसेल असा जोड बाजारात नव्हता. दोन नंबर मोठा घेतला, तर बोटं मावली पण टाच सुटायची. दोन खोल्यांत ते खाडखाड वाजवत, भिंतीला हात लावून चालू लागले.

पंधरा दिवसांनी रत्नागिरीहून एक बडे अधिकारी पाहणीला आले. त्यांच्यासमोर शुद्ध बोलावं, असं अध्यक्षांनी तांडेलांना आदल्या दिवशी समजावून सांगितलं होतं. अधिकारी होक्यापाशी थांबले आणि त्यांनी विचारलं, हे काय.

"हे... हे होकायंत्र आहे," तांडेल म्हणाले. "हे..."

पुढे शब्द येईना. सवयीने त्यांचा हात पाहुण्याच्या मनगटाकडे निघाला. कोट काखेत घट्ट होता, हात अर्ध्यावर अडला. अध्यक्ष खाकरले. हात खाली आला. अधिकारी हसून पुढच्या कपाटाकडे गेले.

अध्यक्ष रागावले नाहीत. तांडेलांनी यापुढे दाराशी उभं राहून पाहुण्यांचं स्वागत करावं, माहिती शिक्षक सांगतील, एवढंच त्यांनी सुचवलं. तांडेल दाराशी, एका बाजूला सरकून, हात अंगाशी धरून उभे राहू लागले.

पावसाळ्यात एक सहल आली. बरोबरच्या मास्तरांनी आत येता येता भिजलेली छत्री तांडेलांच्या हातात दिली आणि म्हणाले, "शिपाई, ही जरा ठेव." पंच्यात होते तोवर त्यांना कुणी शिपाई म्हटलं नव्हतं. मुलं आत तासभर होती. तांडेलांनी छत्री कोपऱ्यात ठेवली नाही, धरूनच उभे राहिले. कोटाची बाही कोपरापर्यंत भिजली. मी टेबलाशी बसून सगळं बघत होतो. उठलो नाही.

त्या संध्याकाळी ते माझ्यापाशी आले. "कारकुनानू, एक दिवस पंच्यान इलंय तर चलात?"

मी म्हटलं, "नियम आहे, तांडेल. माझ्या हातात नाही."

हे खोटं होतं. अध्यक्ष फक्त शनिवारी येत. बाकीचे सगळे दिवस माझ्याच हातात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी माडीच्या पायरीवर एक गाठोडं होतं. कोट, विजार, पुसून लख्ख केलेले बूट. तांडेल नव्हते.

वर्षाच्या आत शिक्षक थकले, कंपाउंडर बदली होऊन दुसऱ्या गावी गेला आणि अध्यक्ष मुंबईला मुलाकडे परतले. नियम कुणी रद्द केला नाही, पण तो पाळायला कुणी उरलंही नव्हतं. गाठोडं दिसलं त्याच दिवशी मी तारकर्लीला जायला हवं होतं. मी गेलो चैत्रात.

घरी त्यांची सून होती. तिने पाट दिला आणि विचारलं, तिकडचं कसं चाललंय. मग म्हणाली, "पाय दुखतत म्हणान सोडल्यानी." मी मान हलवली.

तांडेल मागच्या दाराने आले. पंचा, टॉवेल, तेच. मला पाहून थबकले.

"या. बसा. आपण कसे आहात?" ते म्हणाले.

नऊ वर्षांत ते माझ्याशी कधी असं बोलले नव्हते. मी मालवणीतच सांगितलं, की तो नियम आता कोण पाळत नाय, तुमी येवा, तुमका होयो तसो पोशाख करा. ते जमिनीकडे बघत ऐकत होते. एक-एक शब्द जुळवत ते बोलले.

"नको साहेब. मला त्या वस्तूंची काही माहिती नाही."

पुढच्या पावसात ते गेले. मला कळलं ते त्यांचं बारावं-तेरावं झाल्यावर.

चैत्रातल्या त्या दिवशी मी निघालो तेव्हा ते माझ्या आधी उठले होते. माडांपर्यंत जाऊन मी मागे वळलो. स्वतःच्या घराच्या दाराशी, एका बाजूला सरकून, दोन्ही हात अंगाशी सरळ धरून ते उभे होते.