दोघींले शुक्रवारी टोचाचं हाय!

माझ्या दोन्ही मुलींची लग्नं मी एकाच फोनमध्ये ठरवली, आणि हे मला स्वतःला दोन दिवसांनी कळलं.

आता तुम्ही म्हणाल, हा बाप आहे का कोण! तर मी घुग्घुसला सिमेंटच्या कारखान्यात वजनकाट्यावर आहे. ट्रक काट्यावर येतो, मी आकडा बघतो, पावती फाडतो, ड्रायव्हरच्या हातात देतो, विषय संपला. एकोणीस वर्षं हेच. त्यामुळे पटकन निर्णय घेणारा माणूस म्हणून मी मनातल्या मनात स्वतःला फार मानत होतो. हा समज ज्या कागदानं मोडला, तो कागद आमची धाकटी पायल शाळेतून घेऊन आली. पंधरा ते अठरा वयाच्या पोरांसाठी कोरोनाची लस सुरू झाली होती. शुक्रवारी सकाळी दहाला शाळेत शिबिर. पायल पंधराची, दहावीला. थोरली प्रणाली सतराची, त्याच शाळेत बारावीला. म्हणून दोघींचा मिळून एकच कागद. वर सगळी माहिती, खाली सही करून फाडून द्यायची एक पट्टी.

"बाबा, सही करा," पायल म्हणाली.

"ठेव तिथं. पाहतो," मी म्हणालो. तो कागद टीव्हीखाली गेला आणि आठ दिवस तिथंच राहिला.

गंमत म्हणजे मी स्वतः दोन्ही डोस घेतलेले. सुनंदानं (म्हणजे आमच्या हिनं) पण घेतलेले. प्रणाली वकिलासारखी उभी राहिली.

"तुम्ही घेतले ना? मंग आमचंच काऊन अडून राह्यलं?"

"आमचं वेगळं हाय."

"काय वेगळं?"

"आमचं... आमचं झालं ना आता सगळं!"

यावर ती जी हसली, ते हसू अजून माझ्या कानात आहे.

खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. स्वतःच्या दंडात सुई घेताना काही वाटलं नाही. पण पोरींचे ते काडीसारखे दंड बघितले की पेन परत खिशात जायचं. आणि लस नाही दिली तर? तर दादा आठवायचा. माझा मोठा भाऊ, आरमोरीपलीकडं आमच्या गावी राहायचा. दुसऱ्या लाटेत गेला. त्यामुळे दिली तरी भीती, नाही दिली तरी भीती, आणि मध्ये मी.

त्यात सल्ले! एक ड्रायव्हर म्हणाला, दंडाला चमचा चिकटतो. (मी घरी येऊन स्वतःच्या दंडाला चमचा लावून बघितला. पडला. मग वाटी लावली. तीही पडली. सुनंदा दारात उभी राहून बघत होती, हे मला नंतर कळलं.) सुनंदाच्या मोबाईलवर कोणीतरी पाठवलं होतं की पुढं मुलींना लेकरं होत नाहीत. आम्ही दोघं तडक आरोग्य केंद्रात गेलो. तिथल्या सिस्टरनी नीट समजावलं, "एखाद दिवस ताप येऊ शकते, हात दुखते. बाकी सगळ्या उठवलेल्या गोष्टी होत." आम्हाला ते शंभर टक्के पटलं. संध्याकाळपर्यंत.

संध्याकाळी मी म्हणालो, "देऊन टाकू."

सुनंदा म्हणाली, "थोडं थांबू ना."

सकाळी सुनंदा म्हणाली, "मी रातभर इचार केला. देऊ."

तर तोवर मी म्हणत होतो, "थांबू." इतक्या दिवसांत आम्ही दोघं एका वेळी 'हो' असं एकदाही म्हणालो नाही! शेवटी मंगळवारी सुनंदाच म्हणाली, "मायले इचारा."

माय म्हणजे माझी आई. दादा गेल्यापासून गावच्या घरी एकटी. तिच्या घरात रेंज फक्त फोन वाजण्यापुरती; फोन आला की ती तो घेऊन विहिरीजवळच्या दगडावर चढते, तेव्हा कुठं अर्धा आवाज येतो. त्या अर्ध्या आवाजावर मी पुढचं संभाषण केलं. ते जसंच्या तसं देतो, म्हणजे चूक माझी नव्हती हे तुम्हाला पटेल.

"माय! पोरींले टोचाचं म्हणून राह्यले!"

"काय? टोचाचं? कोणाले?"

"दोघींले! शुक्रवारी!"

"अगा बाई! दोघींले एकाच दिवशी?"

"हो! शाळेतच मांडव टाकून राह्यले! सगळं सरकारच करून राह्यलं, आपल्याले एक पैसा नाई!"

मग माय म्हणाली, "कुठचा हाय?"

मला वाटलं, डोस कुठचा ते विचारते. मी म्हणालो, "हैदराबादचा!"

"तेलगू?"

"आता त्याले काय होते माय, सगळ्या देशात तोच देऊन राह्यले!"

"अन् तुले पसंत हाय?"

"तेच तं समजून नाई राह्यलं! अन् एकानं भागत नाई ना! अठ्ठावीस दिवसांनी दुसरा घ्या लागते!"

"दुसरा??"

आणि फोन कटला. मी सुनंदाला म्हणालो, "मायले काही पसंत दिसत नाई." सुनंदा म्हणाली, "पाहा बरं! मी म्हणतच होती." (ती सकाळपासून उलटं म्हणत होती.)

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरात 'टोचणं' म्हणजे गोंदणं. माझ्या आईच्या, आजीच्या हातापायांवर हिरवी नक्षी आहे. पोरीला सासरी पाठवायच्या आधी टोचून घ्यायची, ही आमच्याकडची जुनी रीत. लग्न ठरलं की टोचणारीला सांगावा जायचा, आणि टोचणारी घरी आली की गाव समजायचं, पोरीचं ठरलं! घुग्घुसच्या धुळीत एकोणीस वर्षं काढून मी ते साफ विसरलो होतो. माय विसरली नव्हती.

गुरुवारी दुपारी दारात रिक्षा थांबली. आधी तांदळाचं पोतं उतरलं. मग हळकुंडांची पिशवी. मग माय, आणि तिच्यामागून माझी मोठी बहीण, ताई, दोन पिवळ्या लुगड्यांचा गठ्ठा छातीशी धरून. चेहरे असे, की एक डोळा हसतोय आणि दुसरा मला खाऊ का गिळू करतोय.

मला भरून आलं. मला वाटलं, पोरींना ताप येईल म्हणून दोघी सेवेला आल्या!

"कशाले तरास घेतला, माय? एक-दोन दिवस अंग दुखते म्हणतात, मंग उतरते आपोआप."

"काय उतरते?" ताई कडाडली. "लाज हाय का तुले? पंधरा वर्षाची पोट्टी!"

"पंधरा चालते ना ताई. नियमच तसा निघाला."

"कोण काढला असा नियम?"

"सरकारनं!"

माय मटकन खाटेवर बसली. "बाबू," ती म्हणाली, "पोरींले इचारलं का तू?"

"पोरी तं एका पायावर तयार हाय! वर्गातल्या सगळ्याच पोरींचं होऊन राह्यलं."

तेवढ्यात प्रणाली आतून आली, आजीच्या हातातली हळकुंडं बघितली, लुगडी बघितली, माझं तोंड बघितलं आणि तिला सगळं एका क्षणात समजलं. (ही पोरगी माझ्यावर गेलेली नाही.) तिनं आजीला मिठी मारली आणि कानाजवळ तोंड नेऊन ओरडली, "आजी! कोरोनाची सुई! लग्न नाई, सुई!"

पुढची पंधरा मिनिटं आमच्या घरात कोणी माणसासारखं वागलं नाही. ताई हसत हसत तांदळाच्या पोत्यावर आडवी झाली. पायल "हैदराबादचा! हैदराबादचा!" करत घरभर नाचली. माय डोळे पुसत म्हणाली, "मी म्हणून राह्यली, माह्या बाबूले झालं तरी काय? अठ्ठावीस दिवसात दुसरा नवरा!" मग एकदम थांबून तिनं विचारलं, "मंग ठरलं का तुमचं? देता का सुई?"

मी सुनंदाकडं बघितलं. सुनंदानं माझ्याकडं बघितलं.

"नाई ठरलं," आम्ही दोघं म्हणालो. आठ दिवसांत पहिल्यांदा एकमतानं!

माय हळकुंडांची पिशवी कोपऱ्यात ठेवून आत गेली.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला पोरी गणवेश घालून तयार, टीव्हीखालचा कागद टीपॉयवर आलेला, माझ्या हातात पेन, पेन हवेत. आणि दारात जीप थांबली. जीपमधून एक मॅडम उतरल्या, मागून एक पोलीस जमादार. मॅडम चंद्रपूरहून आलेल्या, बालविवाह थांबवणाऱ्या!

"या घरात आज दोन अल्पवयीन मुलींचं लग्न आहे, अशी तक्रार आलीय," मॅडम म्हणाल्या. त्यांची नजर खोलीभर फिरली. तांदळाचं पोतं. पिवळी लुगडी. हळद. मग माझ्यावर स्थिरावली.

"माय," मी हळूच म्हणालो, "तू कोणाले बोलली का काही?"

"कोणालेच नाई! अंगणवाडीच्या बाईले इचारलं फक्त, का अठ्ठावीस दिवसात दुसरा चालते का म्हणून."

मी मॅडमना समजावलं. सुनंदानं समजावलं. प्रणालीनं समजावलं तेव्हा त्यांना समजलं. पण नियम तो नियम. त्यांनी एक छापील हमीपत्र काढलं. "मुली अठरा वर्षांच्या होईपर्यंत मी काही करणार नाही, एवढं लिहून द्या. आम्हाला आणखी दोन गावं करायची आहेत."

आता बघा. आठ दिवस लसीच्या कागदावर माझी सही होत नव्हती. समोर जमादार उभा राहिला, आणि अर्ध्या मिनिटात मी दोन्ही कागदांवर सह्या केल्या! लसीच्या कागदाची पट्टी फर्रकन फाडली, एक कागद इकडं दिला, एक तिकडं दिला. काट्यावर देतो तसा. न बघता. पोरी आजीला घेऊन शाळेत पळाल्या, मॅडम फाईल बगलेत मारून जीपमध्ये बसल्या, आणि मी खुर्चीत बसून सुनंदाला म्हणालो, "पाह्यलं? असा निर्णय घेतात."

दहा मिनिटांत मुख्याध्यापकांचा फोन. "भाऊ, शाळेत या लवकर."

मी आणि सुनंदा धावत पोचलो, तर गेटवर तीच जीप! मॅडमनी वाटेत फाईल उघडली होती. फाईलमध्ये माझ्या सहीची पट्टी होती आणि तिच्यावर लिहिलेलं होतं, 'सदर कार्यक्रमास माझी पूर्ण संमती असून दोन्ही मुलींना शुक्रवारी सकाळी दहा वाजता शाळेच्या मांडवात वेळेवर हजर ठेवीन.'

जमादार मैदानाकडं बोट दाखवून म्हणाला, "मॅडम, मांडव तं खरंच हाय!"

मांडवात मुख्याध्यापक माझं हमीपत्र हातात धरून उभे होते. त्यांनी ते सगळ्यांसमोर वाचलं, "मुलींची अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत असे कृत्य करणार नाही व कोणास करू देणार नाही! भाऊ, लसीला एवढा विरोध होता तर आधी सांगायचं. हे 'कृत्य' काऊन म्हणता?"

अख्खी रांग हसली. मॅडम हसल्या, जमादारही हसला. कागदांची अदलाबदल झाली. मग सुई भरून बसलेल्या सिस्टरनी मला सरळ विचारलं, "मंग तुमचं काय ते एकदा सांगा. संमती हाय का नाई?"

खरंच सांगतो, रांगेत माझ्या दोन पोरी बाह्या वर करून उभ्या, सगळी शाळा माझ्याकडं बघतेय, आणि माझ्या तोंडून हो निघेना, नाही निघेना.

तेव्हा माय पुढं आली. माझ्या हातातली पट्टी घेतली आणि सिस्टरच्या टेबलावर ठेवली.

"हाय म्हणा," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "तुहा दादाबी असाच म्हणे. मोहफुलं वेचून झाली का जातो माय, सुई कुठी पळून राह्यली? मोहफुलं वेचून झाली, बाबू. अन् सुईच्या आधी तोच गेला."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही. सुनंदानं माझा हात धरला. "हो," ती म्हणाली. "हो," मीही म्हणालो. म्हणायला गेलं तर अगदी सोपं होतं.

पायलनं ऐन वेळी डोळे मिटले, तशी मायनं तिच्यापुढं स्वतःचा हिरव्या नक्षीचा हात धरला. "हे एवढं सारं टोचलं तवा मी रडली नाई. तुले तं एकच हाय, पोट्टे." पायल ते ठिपके मोजत बसली आणि सुई कधी टोचली ते तिला कळलं नाही. रात्री दोघींना थोडा ताप आला. ताईनं आणलेली लुगडी त्यांनी पांघरायला घेतली. सकाळी दोघी ठणठणीत, आणि मी मात्र जागरणानं आजारी.

अठ्ठावीस दिवसांनी दुसऱ्या डोससाठी माय पुन्हा आली, न बोलावता. आदल्या दिवशी घरात बैठक बसली आणि ठराव झाला: मी कुठल्याही कागदावर सही करायची नाही, काही फाडायचं नाही, आणि गावी फोन तर मुळीच करायचा नाही. मी मुकाट्यानं मान्य केलं. हे सगळं माझ्याकडून लेखी घ्यावं असं सुनंदाच्या मनात होतं. पण त्यावर सही माझीच लागली असती, म्हणून तिनं तो नाद सोडला.